धुतलेला ओटा

चार्जर विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत फिरली, आणि पाटलीणबाई ओटा धुताना दिसली.

मी नुकतीच उठून गेली होती. निंबाच्या बुडाशी जिथं मी बसायची, नेमकी तिथंच तिनं बादली ओतली. खराट्यानं घासलं. वरून गोमूत्र शिंपडलं. माझा चार्जर तिनं काडीनं ढकलून खाली मातीत पाडला होता. मला पाहून ती जराही लाजली नाही. म्हणाली, "घे ते तुझं. इथं वस्तू सोडून नको जात जाऊ."

मी चार्जर उचलला. पुसला. घरी आली.  

याहून वाईट वेगळंच आहे. मला कितीतरी महिने वाटत होतं, ही बाई माझ्यासाठीच ओटा स्वच्छ ठेवते. दुपारी जावं तर फरशी लख्ख. एकदा मायला कौतुकानं सांगितलं, "पाटलीणबाई चांगली आहे वं माय. मी बसते ती जागा रोज धुवून ठेवते." माय तांदूळ निवडून राहिली होती. तिनं मान वर केली नाही. तिला माहीत होतं. साऱ्या मोहल्ल्याला माहीत होतं. बावळट मी एकटीच, कॉम्प्युटर सायन्स शिकणारी.

आमचं गाव चिचगडच्याही पुढं, जंगलात. गोंदियाला खोली करून शिकायला ठेवतील अशी आमची ऐपत नाही. म्हणून ऑनलाइन विद्यापीठात नाव घातलं. जाहिरातीत लिहिलं होतं, कुठूनही शिका. आम्हा बौद्धांचा मोहल्ला खाली, नाल्याकडच्या खोलगट जागेत. तिथं फोनला रेंज येत नाही. रेंज येते चढावर, पाटलाच्या घरापुढच्या निंबाखाली. म्हणजे 'कुठूनही' म्हटलं तरी गावात जागा एकच. ओटा ग्रामपंचायतीचा, पण पाटलाच्या दारापुढं म्हणून सारे म्हणतात पाटलाचा ओटा. त्याची फरशी माझ्या बाबानं बसवली. भर उन्हात गुडघ्यावर बसून, हातानं दाबून दाबून. तेव्हा ती कोणी धुतली नव्हती.

त्या दिवसानंतर मी तिथं पाय ठेवणार नव्हती. पण शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा आली, कॅमेऱ्यावर द्यायची. बाबा बोलून चुकले होते, "या खेपेला पास झाली तं नागपूरले नोकरी पाहाले जा. नाही तं पुरे झालं शिक्षण." आपली पोर चौकात बसते म्हणून लोक त्यांना टोकून राहिले होते. मग काय करणार? गेली. थुंकी गिळावी तसा अपमान गिळला आणि त्याच जागेवर लॅपटॉप घेऊन बसली.

स्क्रीनवर परीक्षक सर. त्यांच्या मागं पुस्तकांचं कपाट. बाकीची पोरं आपापल्या खोल्यांत बसून नंबराची वाट पाहत होती. माझ्या मागं निंब आणि बकऱ्या. सरांचं आधी तिकडंच लक्ष गेलं.

"हे काय, बाजारात बसलात का? कॉम्प्युटर सायन्स करायचं तर निदान बसायला एक खोली हवी."

कोणीतरी हसलं. त्याचा माईक चालूच राहिला होता.

मग प्रश्न आला. "क्यू म्हणजे काय? प्रायॉरिटी क्यू वेगळी कशी? उदाहरण द्या."

मला येत होतं. पाठ होतं, समजलंही होतं. मी म्हणाली, "साध्या क्यूत जो आधी येतो त्याचं काम आधी होतं. प्रायॉरिटी क्यूत ज्याला वरचा दर्जा दिला त्याचं आधी. सर, आमच्या गावच्या बोरिंगवर माझी माय पहाटेपासून रांगेत असते. पण पाटलाकडची बाई आली की तिचा पाण्याचा गुंड आधी भरतो."

"घरगुती गोष्टी नकोत. पुस्तकातलं सांगा."

अहो, पुस्तकातलंच होतं ते. तेच सांगायला तोंड उघडलं आणि मागून पाटलीणबाईचा आवाज आला.

"काऊन बसून राहिली अजून? उठ. आज घरी पूजा आहे, पाहुणे येऊन राहिले. ओटा धुवाचा आहे."

"बाई, माझी परीक्षा चालू आहे. थोडंसं थांबा."

"परीक्षा असन तं आपल्या मोहल्ल्यात दे."

आणि तिनं बादली ओतली. पाणी माझ्या अंगाखालून गेलं. सलवार चिंब. मी लॅपटॉप उचलून छातीशी धरला. सर चिडले. "कॅमेरा नीट धरा. ही काय पद्धत झाली? पुढच्या वेळी तयारीनं या. नेक्स्ट."

"सर, मला येतं. एक मिनिट, सर."

माझा चौकोन काळा झाला. परीक्षा गेली. नागपूर गेलं.

मी रडली. खोटं कायले सांगू? त्या ओल्या फरशीवर बसून हमसून हमसून रडली. जीव द्यावा वाटला. पाटलीणबाई दुसरी बादली भरून आली आणि तशीच उभी राहिली. "उठ म्हटलं ना."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी उठल्याशिवाय तिचा ओटा शुद्ध होत नाही. मी रोज उठत आली, म्हणून ती रोज धूत आली.

"नाही उठत," मी म्हणाली. "ओटा पंचायतीचा आहे."

कोणीतरी बाबाला बोलावून आणलं. बाबानं तिच्यापुढं हात जोडले. "लेकरू आहे बाई, समजत नाही तिले." मग माझ्याकडं वळले. "उठ पोरी. पाया पडतो तुह्या."

"बाबा, ही फरशी तुम्ही बसवली. तेव्हा कोणी धुतली काय?"

 मला वाटलं, बाबा बाजूला येऊन बसतील. नाही बसले. मान खाली घालून नाल्याकडं निघून गेले. नापास झाल्यापेक्षा ते जास्त लागलं मला. पाहुणे आले, माझ्याकडं पाहत पाहत आत गेले. फरशी वाळली तेव्हाच मी उठली.

निकाल लागला, नापास. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. सारा पावसाळा मी मायसोबत धानाच्या रोवणीच्या चिखलात वाकून काढला. रात्री पाठ धरते, आणि वाटतं की झालं, हेच आता आपलं.

पण फेरपरीक्षा दिवाळीनंतर आहे, आणि मी ती देणार आहे. बाबा नाही म्हणाले तरी. निंबाखाली, त्याच जागेवर बसून. सरांनी पुन्हा क्यूचं उदाहरण मागितलं तर बोरिंगचंच देईन. आणि मागून बादली आली, तर तिलाही सांगीन. थांबा बाई. माझा नंबर आधी आहे.