धनपाल गुरुजींचा दयेचा तास

कोरेगावच्या अंगाला आमचं गाव. तिथं धनपाल गुरुजी सांगलीकडून बदलून आले. जैन माणूस. खुर्चीवर मुंगी दिसली तर कागदावर घेऊन भिंतीपाशी सोडायची, मगच बसायचं. तोवर पोरं पाढे विसरून मोकळी! दिवस बुडायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम. आणि मूल्यशिक्षणाच्या तासावर तर त्यांचा भारी जीव.

थंडीत ऊसतोडीला कर्नाटकातनं बिराप्पा आला. त्याची लेक दीपमाला तिसरीत बसली. तिला मराठी येईना, आमच्या पोरांना कानडी येईना. बिचारी दाराशी बसून डोळे पुसायची. बिराप्पानं गुरुजींना सांगूनच टाकलं, "शनवारपर्यंत बगतो. पोरगी अशीच रडली तर उसाच्या फडात नेतो. उसाच्या शेंड्यांचं वाडं बांधायला माणूस लागतंयच."

गुरुजींच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "आजचं मूल्य दया. दीपमालाच्या घरी प्रत्येकानं काहीतरी मदत करायची. पण गुपचूप. केलेलं बोलून दाखवायचं नाही."

शाळा सुटल्यावर पोरं एकेक करून बिराप्पाच्या खोपीवर गेली. माणसं फडात, दारात एक बैल तेवढा. मग काय, दया बैलावर! माझ्या नातीनं, अफसानानं, माझ्या टोपल्यातल्या भाकरी पळवल्या. जिनेशनं गूळ नेला. कुणी पेंड, कुणी लग्नातली शिळी बुंदी. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही, आणि बैल कशाला नको म्हणतोय!

सांजेला बैल फुगून खाली बसला. बिराप्पानं बोंब ठोकली. आम्ही सगळे धावलो. गुरुजींनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. त्यानं विचारलं, "खाल्लंय काय?" गुरुजी पोरांकडं बघतात, पोरं ओठ घट्ट मिटून उभी.

"अरे, बोला की!"

अफसाना म्हणाली, "तुमीच सांगितलंय, बोलायचं न्हाई."

"बाळांनो, आज चालतंय, बोला!"

मग सगळी अशी एकदम बोलली, की डॉक्टरनं फोन ठेवायच्या आधी ओरडूनच सांगितलं, "मी येईतो चालवत ठेवा, बसू देऊ नका!"

बिराप्पा कुणाच्या तरी गाडीवर बसून डॉक्टरला आणायला पळाला. इकडं बैल उठेना. गुरुजी हात जोडून म्हणतात, "ऊठ रं राजा." राजा डोळासुद्धा उघडेना. तेवढ्यात दीपमाला पुढं झाली, कासरा धरला आणि ओरडली, "नडी!" बैल धडपडत उठला. नडी म्हणजे चाल; कानडीच कळत होतं त्याला.

मग काय, पुढं दीपमाला, मागं सगळा वर्ग "नडी, नडी!" करत. जिनेश रेंगाळला तर तिनं त्यालाही एक "नडी" हाणली. गुरुजींना खुणेनं मागनं ढकलायला लावलं. गुरुजी मुकाट्यानं ढकलत होते.

मी म्हटलं, "आवं गुरुजी, दोन घास आणू?"

"दिवस बुडाला, दादी. आता उद्याच."

बैलाचं पोट फुटायला आलेलं, गुरुजींचं पाठीला लागलेलं.

डॉक्टरनं औषध पाजलं, बैलानं मोठ्ठा ढेकर दिला. पोरांनी टाळ्या पिटल्या. दीपमाला तर हसून हसून अफसानाच्या अंगावर पडली.

बिराप्पा लेकीकडं बघतच राहिला. कानडीत काहीतरी विचारलं. तिनं मान जोरात हलवून उत्तर दिलं.

"काय म्हणती?" गुरुजी पुढं सरकले.

"फडात येत न्हाई म्हणती. साळंलाच जाणार." बिराप्पानं कासरा हातात घेतला. "येऊ दे तिला. पण गुरुजी, दया जरा बेतानं शिकवा."