सांगेल तसं लिहिणारा

नांदेडला आमच्या कॉलेजच्या सेवा योजनेत एक पोरगा होता. चुका काढायचा त्याला एवढा नाद, की किनवटच्या जंगलात शिबिराला गेलो तेव्हा मोरसुद्धा त्याच्यासमोर दबकत ओरडायचे. कुणी तोंड उघडलं, की ह्याचं सुरू, "तसं नसतंय ते!"

असा माणूस एका अंध ताईचा लेखनिक झाला. तिचा इतिहासाचा एवढाच पेपर राहिला होता आणि ती तिसऱ्यांदा बसली होती. ती सांगेल तेच लिहायचं, हा नियम. हा तीन तास गप्प बसणार म्हटल्यावर अख्खं हॉस्टेल परीक्षेच्या खोलीच्या दाराबाहेर जमलं.

बाहेर आला तेव्हा ओठ चावून चावून गुलाबजामाएवढे सुजलेले. "एक साल चुकीचं सांगितलं तिनं," तो माझ्या कानात पुटपुटला, "तसंच लिहिलं." त्याचं पुटपुटणं हिमायतनगरापर्यंत ऐकू जातं.

मागून ताई हसली. "तिथं तुझा पेन अडला भाऊ, तवाच कळलं मला, साल चुकलंय."

"मग बदललं का न्हाई, ताई?"

"पेपर माझा हाय."

ह्या वाक्यात चूक काढायला मात्र त्याला काही सापडलं नाही.