लादीवरचं सारवण

वरंधच्या वरच्या वाडीत कुणाचं सुतक फिटलं, की घर शुद्ध करायला ठकूबाईला बोलावणं जाई. शेणाचा गोळा, तांब्यात गोमूत्र आणि दुर्वांची जुडी, एवढंच तिचं सामान.

२००३ साली काशीराम गेला. तेराव्या दिवशीही त्याची बायको सोनाबाई पडवीतच बसलेली. मुंबईत नोकरीला असलेल्या जितेशने, तिच्या मुलाने, गेल्या दिवाळीत घरात लादी बसवली होती. सकाळपासून त्याने ती दोनदा फिनेलने पुसली होती.

"फिनेलानं माशा जातात, सुतक नाय जात," सोनाबाई म्हणाली. "सारवल्याबिगर मी आत यायची नाय."

ठकूबाईने दुर्वांनी चारी कोपऱ्यांत गोमूत्र शिंपडलं आणि शेण कालवायला घेतलं.

"मावशी, लादीवर शेण धरत नाय. उद्या पोपडे निघतील," जितेश म्हणाला.

"निघूदेत की. मला तुझी लादी सजवायची नाय रे, तुझ्या आयशीला आत न्यायची हाय."

काशीरामला शेवटचं जिथं निजवलं होतं, तेवढीच जागा तिने हलक्या हाताने पातळ सारवली.

"चल गो सोने. ओलं हाय, बेतानं ये."

सोनाबाई उठली, आत आली आणि त्या जागेच्या कडेला बसली. मग म्हणाली, "जितेश, चाय ठेव. ठकूला बिनदुधाची लागते."