ढग उचलणारा सेत्तिमियो

रंगभूमीवर मी अठ्ठावीस वर्षं स्वर्गात गेले. त्यातली एकोणीस वर्षं मला स्वर्गात पोचवलं ते सेत्तिमियोच्या पोटानं.

मोंतेल्विनोच्या आमच्या नाट्यगृहात दिवे विजेचे झाले, पण दोर हाताचेच राहिले. पडदा वर न्यायचा तर एक जाडजूड माणूस दोर धरून छताजवळच्या माळ्यावरून खाली उडी घेई. तो खाली, पडदा वर. शेवटच्या अंकात तीच उडी मला वर नेई. मी लाकडी ढगावर बसलेली, दोन्ही बाजूंना दोन लाकडी देवदूत. दर उडीनंतर सेत्तिमियोला चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून पुन्हा माळ्यावर जावं लागे. एका खेळाला पाच उड्या. गडी एकशे अठरा किलोंचा, आणि वर पोचला की शीळ घालायचा.

एका वर्षी नगरपालिकेनं फर्मान काढलं: रंगमंचावरच्या प्रत्येक कामगाराला डॉक्टरचा दाखला हवा. डॉक्टर पाल्मुच्ची नुकतेच गावात आलेले, तरुण, काडीसारखे. सेत्तिमियो वजनकाट्यावर चढला; त्यांनी काटा बघितला आणि पेन खाली ठेवलं.

"एकशे अठरा! छातीत हृदय आहे की बैल?"

"हृदयच असावं, डॉक्टरसाहेब. बैल पोसायला परवडत नाही."

"हसण्यावारी नेऊ नका. महिन्याभरात नऊ किलो उतरवा. नाहीतर दारावर तिकिटं फाडत बसा."

सेत्तिमियोचं हसू तिथंच मावळलं. त्याच्या बापानं याच माळ्यावरून उड्या घेतल्या होत्या. दारावर बसणं म्हणजे नाटकाकडे पाठ करून जगणं. त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं, आणि योलेनं, जिच्या हातच्या भरून तळलेल्या ऑलिव्हवर आमची अख्खी मंडळी जीव टाकायची, त्याच्या ताटात कडू पाला उकडून घातला.

"हे काय आहे?"

"तुझी नोकरी. चाव."

महिनाभर त्यानं ती नोकरी चावली. बरोब्बर नऊ किलो उतरले.

मग तालीम झाली. मी ढगावर बसले, हात जोडले, डोळे वर लावले. सेत्तिमियोनं उडी घेतली. मी दोन हात वर गेले आणि थांबले. तोही मध्येच लोंबकळत राहिला. पाच मिनिटं आम्ही दोघं अधांतरी.

"बाई," अंधारातून त्याचा आवाज आला, "तुम्ही जरा कमी नाही का होणार?"

"माझ्यावर काय ढकलतोस! वाळलास तू!"

खरं सांगायचं तर त्याचा पाला चालू होता तेव्हा त्याच्या वाटणीचे ऑलिव्ह माझ्याकडे येत होते. पण ते मी तेव्हा बोलले नाही.

पेच असा पडला: वजन ठेवलं तर दाखला नाही, वजन उतरवलं तर ढग हलत नाही. सेत्तिमियोनं दोन दिवस विचार केला आणि जुन्या कोटाला आतून मोठे खिसे शिवून घेतले. त्यात बाजारातली लोखंडी वजनं, दोन बिजागऱ्या आणि एक तुटका नांगराचा फाळ. ढग हलला. मी तर त्याला मिठीच मारली; हाताला नुसतं लोखंड लागलं.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले, काटा हातगाडीवर घालून. सेत्तिमियो गडबडीत कोटासकट काट्यावर चढला.

"एकशे अठरा!" डॉक्टर लालबुंद झाले. "महिनाभर काय करत होतात?"

"पाला खात होतो हो!" म्हणत त्यानं एकेक तुकडा काढून टेबलावर मांडला. नांगराचा फाळ बघून डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"हे घेऊन तुम्ही वर चढता?"

"पाच वेळा. रविवारी दोन खेळ, म्हणजे दहा."

"शक्यच नाही."

"मग चला की बरोबर."

सेत्तिमियोनं सगळं लोखंड परत खिशात भरलं आणि दोघं निघाले. मी खाली ढगाचा पट्टा तपासत होते, कान वर. आधी दोघांची पावलं धडाधड वाजली. मग एकाचीच. मग वरून शीळ आली. बऱ्याच वेळानं कुणीतरी धापा टाकत माळ्याच्या फळ्यांवर बसल्याचा आवाज आला.

सेत्तिमियोनं नंतर सांगितलं, डॉक्टरांनी आधी त्याची नाडी मोजली, ती केव्हाच शांत झाली होती. मग स्वतःची धरली आणि मुकाट्यानं घड्याळ खिशात घातलं.

"सिगारेटी किती, डॉक्टरसाहेब?"

"तीस."

"आणि दिवसभर?"

"खुर्चीत."

"दारावरची जागा अजून रिकामी आहे, बघा."

डॉक्टर हसले, इतके की खोकला लागला. भला माणूस होता. "काटा बघितला आणि नाडी बघितली नाही," ते म्हणाले, "चूक माझी." तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी दाखला लिहून दिला.

खाली माझ्याजवळ उभी असलेली योले वर बघून ओरडली, "मग आता याला ऑलिव्ह देऊ का?"

"अजिबात नको! नाडी एवढी शांत आहे ती त्या पाल्यानं. वजन खिशातच राहू दे!"

"डॉक्टरसाहेब," सेत्तिमियो कळवळून म्हणाला, "रविवारी तरी?"

"रविवारी दोन. मोजून."

तेवढ्यात तिसरी घंटा झाली. सेत्तिमियोनं दाखला सदऱ्याच्या आत ठेवला, दोर धरला आणि उडी घेतली. पडदा सरसर वर गेला.

शेवटच्या अंकात मी हात जोडून, टाळ्यांच्या गजरात, तरंगत वर गेले. माळ्याशी पोचले तर डॉक्टर पाल्मुच्ची खांबाला धरून तिथंच बसलेले. पोटऱ्या अजून थरथरत होत्या. सेत्तिमियो सबंध नाटकभर त्यांच्या शेजारून उडी घेऊन पुन्हा चढून येत होता. मला बघून त्यांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं,

"बाई, खाली जायला दुसरा रस्ता आहे का हो?"