पांढऱ्या रश्श्यातली हळद

पायरोमीटर दुसऱ्यांदा पुण्याहून परत आला. सोबत कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट होतं आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की यंत्र ठीक आहे. मालकांनी ते उभ्या उभ्या वाचलं, माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "ह्ये लॅबवालं बी खुळंच हाय."

मी मान डोलावली. आज सांगताना लाज वाटते, पण डोलावली.

ही हकिगत नव्वदच्या दशकाच्या शेवटची. कोल्हापूरजवळ आमची फाउंड्री होती. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि गार झालं की साचा फोडून आतला भाग बाहेर काढायचा. त्या भागाला कास्टिंग म्हणतात. आम्ही पंपांची कास्टिंग करायचो. मी क्वालिटीला होतो. तयार मालात खोट काढणं हेच माझं काम, त्यामुळे कारखान्यात माझ्याशी गोड बोलणारं फारसं कुणी नव्हतं.

मामा तेवढे बोलायचे. यशवंत कांबळे त्यांचं नाव, पण सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची, मालकसुद्धा. विजेवरची भट्टी त्यांच्या ताब्यात. सव्वीस वर्षं ते भट्टीसमोर उभे होते. लोखंड ओतण्याइतकं तापलं की नाही, हे ते नुसत्या रंगावरून सांगत. तापत जाईल तसं लोखंड लालाचं नारिंगी होतं, नारिंगीचं पिवळं, आणि मग पांढऱ्याकडे झुकतं. मामांचा रंग ठरलेला होता, फिकट पिवळा. त्याला ते शेवंती म्हणायचे. भट्टीचं झाकण सरकवायचे, डोळे बारीक करून आत बघायचे आणि ओरडायचे, "शेवंती आली! काढा!" भट्टीत बघायला निळी काच मिळते. ती त्यांनी कधी वापरली नाही. "काच धरली की रंग खोटा दिसतो," असं त्यांचं म्हणणं.

पायरोमीटर म्हणजे भट्टीचा थर्मामीटर. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला दर भट्टीचं तापमान कागदावर हवं होतं, म्हणून तो घेतला. पहिली दोन वर्षं मामांचा डोळा आणि पायरोमीटरचा आकडा यांचं छान जमलं. मामा म्हणाले चौदाशे, की यंत्र चौदाशेच दाखवणार. आलेल्या पाहुण्यांना आम्ही हा खेळ कौतुकानं दाखवायचो.

मग दोघांचं बिनसलं. मामा म्हणायचे, शेवंती आत्ता आली. पायरोमीटर म्हणायचा, ती केव्हाच येऊन गेली. आधी दहा-वीस अंशांचा फरक होता, तो साठावर गेला. आता यात चूक कुणाची? अख्ख्या कंपनीत एकालाही शंका आली नाही. मामा चुकतील कसे? बिघडणार ते यंत्रच. म्हणून ते पुण्याला धाडलं. ठीक आहे म्हणून परत आलं, तर पुन्हा धाडलं. शेवटी आकडे लिहायचे म्हणून लिहीत राहिलो, मानायचे मात्र मामांनाच.

त्याच सुमाराला आमच्या मालाला वाळू चिकटायला लागली. लोखंड फाजील तापलेलं असेल तर साच्यातली वाळू वितळून कास्टिंगला चिकटते. मग छिन्नी मारा, ग्राइंडर फिरवा, ती निघता निघत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी मी काय केलं? वाळूचा सप्लायर बदलला. त्यानं काही फरक पडेना, तेव्हा वाळूत मिसळायची माती बदलली. पुण्याहून गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला, एक कास्टिंग उचलून त्यानं मालकांपुढे धरलं.

"पुढचा लॉट असाच आला तर पॅटर्न परत नेऊ."

पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून साचा घडवतात तो नमुना. तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. फाउंड्रीतून पॅटर्न परत नेणं म्हणजे काडीमोडच. निम्मं काम त्या एका गिऱ्हाइकाचं होतं. ते गेलं असतं तर भट्टी अर्धा वेळ बंद आणि निम्मी माणसं घरी.

अशात दसरा आला. खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा केली. पायरोमीटरलाही हळदकुंकू वाहिलं, निदान देवाच्या भीतीनं तरी सुधारेल म्हणून. दसऱ्याची सुट्टी झाली आणि कामाच्या पहिल्या दिवशी दुपारी, दरवर्षीप्रमाणे, कंपनीत मटणाचं जेवण झालं. सगळे एका पंगतीला. मी मामांच्या शेजारी.

तांबडा रस्सा वाढून झाला, मागून पांढरा आला. मामांनी वाटी उचलली, नाकाजवळ नेली आणि आचाऱ्याला हाक मारली.

"अरं ए पावण्या, पांढऱ्या रश्श्यात हळद कुणी घातली?"

पंगत खो खो हसली. कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्यात हळद घालणाऱ्याला गावात राहू देणार नाहीत. आचारी वाढपाचा डाव हातात घेऊन धावत आला.

"हळद? बगा की नीट, मामा! दुदासारका पांढरा हाय."

"मग ह्ये पिवळं काय दिसतंय?"

मी माझ्या वाटीत बघितलं. पांढरा. मामांच्या वाटीत बघितलं. तोही पांढरा. लोक हसत होते. माझा घास मात्र हातातच राहिला. ज्याला पांढरं पिवळं दिसतं, त्याला भट्टीतली शेवंती कधी दिसणार? लोखंड पार पांढरं झाल्यावर. म्हणजे आम्हाला हवं त्याच्या किती तरी पुढे गेल्यावर.

यंत्र दोनदा पुण्याला जाऊन आलं होतं. मामांना कुणी कोल्हापुरातल्या शाहूपुरीपर्यंतही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, नेलं नव्हतं.

जेवणानंतर मी मामांना पॅटर्नच्या खोलीत नेलं आणि सरळ विचारलं. ते आधी उसळले. "माज्या डोळ्याला काय धाड भरलीया?" मग म्हणाले, "वर्ष झालं, साहेब. भट्टी मळकट दिसतीया. मला वाटलं, करंटच कमी येतोय."

"मग बोलला का नाही?"

"बोलून? डोळं गेलं म्हटल्यावर मला गेटवर बसवणार. सव्वीस वर्सं शेवंती बगितली, आता टरकांचं नंबर लिवू? आन् त्ये तरी कुठं दिसत्यात मला!"

शेवटचं वाक्य बोलून ते स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. कारण ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे तसंच व्हायचं.

मी मालकांकडे गेलो. सगळं सांगितलं. मालक मनानं वाईट नव्हते, पण तोंड कोल्हापुरी.

"मग गेटवर बसवू की. दुसरा माणूस बगा, इनामदार."

"दुसराही याच भट्टीत बघणार. पाच-दहा वर्षांनी त्याला कुठं बसवायचं? गेट एकच आहे आपल्याला."

"डोळं काय कंपनीनं दिल्यात काय त्यांचं?"

"दिले नाहीत, पण वापरलेत कंपनीनंच. क्रेनला दर महिन्याला ग्रीस भरतो. भट्टीचं अस्तर झिजायच्या आत बदलतो. पायरोमीटरला दोनदा पुण्याची वारी घडवली. मामांचं सव्वीस वर्षांत काय बघितलं आपण?"

"दसऱ्याला मटण घालतोय की," मालक म्हणाले. मग त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं. टेबलावरचा वाळू चिकटलेला तुकडा त्यांनी दोनदा उलटासुलटा केला. "घिऊन जावा डॉक्टरकडं. कंपनी बगंल खर्चाचं."

"आणि बरे झाल्यावर परत भट्टीवर. तुमचा शब्द पाहिजे. नाहीतर ते येणार नाहीत."

"दिला. आता माझं डोकं खाऊ नका."

शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी मामांना तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते मला म्हणाले, "डोळ्यातली भिंगं पिवळी पडलीत. भट्टीच्या धगीसमोर वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी उभं राहिलं की असं होतं. तुमचा माणूस रंग बरोबर ओळखतोय हो. रंगच त्याच्यापर्यंत चुकीचा पोचतोय."

हे ऐकून मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते ऑपरेशननंतरही दिसलं नाही. "ऐकलासा न्हवं? मी चुकत न्हवतो!" रिक्षात त्यांनी मला हे चार वेळा ऐकवलं.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांना काही आठवडे धगीपासून लांब राहायला सांगितलं. भट्टीवर त्यांच्या हाताखालचा शिवाजी उभा राहिला आणि पायरोमीटर सांगेल ते प्रमाण मानायचं ठरलं. पहिल्याच आठवड्यात वाळू चिकटायची थांबली. पुण्याचा लॉट तपासून पास झाला. पॅटर्न जागेवर राहिले.

सगळीकडे आनंदीआनंद. आणि इथंच मालकांची बुद्धी फिरली.

"इनामदार, यंत्रावर भागतंय की सगळं. मग मामांची काय गरज?"

"शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय वो. नुसतं इचारतोय."

मालकांचं नुसतं विचारणं काय असतं, हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, मामांना मी फसवलं. माझ्या भरवशावर तो माणूस ऑपरेशनच्या टेबलावर झोपला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत थंडी पडली आणि नवीनच रोग आला. भट्टीचा आकडा अगदी बरोबर, पण कास्टिंग अर्धवट भरलेली. लोखंड साच्याच्या टोकापर्यंत पोचायच्या आतच थिजत होतं. शिवाजीनं आकडे दाखवले. एकही चुकीचा नव्हता. दोन दिवस हाच प्रकार. मी पुन्हा वाळूकडे संशयानं बघायला लागलो होतो.

तिसऱ्या दिवशी मामा हिरवा चष्मा लावून सहज चक्कर टाकायला आले. घरी बसून कंटाळले होते. मी त्यांना भट्टीपासून लांब, दाराशी उभं केलं. तिथूनच त्यांनी लॅडलमध्ये लोखंड पडताना बघितलं. लॅडल म्हणजे भट्टीतून लोखंड घेऊन साच्यापर्यंत न्यायची मोठी पळी. एकदा चष्मा खाली करून बघितलं आणि ओरडले,

"शिवाजी, लेका, लॅडल तापवलीस का न्हाय?"

"तापवली की मामा, रोजच्यावानी."

"रोजच्यावानी? थंडी कवाची पडलीया! भट्टीत शेवंती हाय आन् लॅडलमधी पडल्या पडल्या तिचा झेंडू झालाय. दिसत न्हाय तुला?"

शिवाजीला दिसत नव्हतं. मलाही नाही. पायरोमीटर भट्टीतलं तापमान सांगत होता, आणि ते खरंच होतं. लोखंड पुढं गार लॅडलमध्ये पडून निवत होतं, आणि ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. लॅडल दुप्पट वेळ तापवली. त्या दुपारपासून माल भरून यायला लागला.

मालक मागं उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मामांना म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कवा हाय?"

"म्हैन्यानं."

"लवकर जमतंय का इचारा की डॉक्टरास्नी."

त्या दिवशी घरी जाताना मी पाव किलो पेढे घेतले.

मामा परत भट्टीवर आले ते धगीपासून डोळे वाचवणारा चष्मा घालून. डॉक्टरांनीच सांगितला होता तसला, आणि तो भट्टीवरच्या सगळ्यांनाच घेतला. काचेतून रंग वेगळा दिसतो म्हणून मामा पंधरा दिवस कुरकुरले. मग पायरोमीटर शेजारी ठेवून त्यांनी काचेतली शेवंती नव्यानं पाठ केली. पुढं मालकांनी डॉक्टरांना कंपनीतच बोलावलं आणि सगळ्यांचे डोळे तपासून घेतले. क्रेनवाल्याला चष्मा लागला. आणि कंपनीतला सगळ्यात बारीक मोजमाप करणारा माणूस, म्हणजे मी, त्यालाही लागला. वर्नियरवरच्या बारीक रेघा मी किती दिवस अंदाजानं वाचत होतो, देव जाणे. मालक एवढंच म्हणाले, "बरं झालं, पुण्यावाल्याला म्हाईत न्हवतं."

पुढल्या दोन-चार वर्षांत आमच्याकडे आयएसओ आलं. ऑडिटरनं माझा कॅलिब्रेशन चार्ट मागितला. कुठलं यंत्र केव्हा तपासायचं, याची ती यादी. वर्नियर, मायक्रोमीटर, पायरोमीटर असं वाचत तो शेवटच्या ओळीवर थांबला.

"हे काय? 'डोळे, सर्व कामगार, वर्षातून एकदा'?"

मी तोंड उघडायच्या आत मालकच बोलले. "साहेब, सगळ्यात महागडं इन्स्ट्रुमेंट त्येच हाय आमच्याकडं."

ऑडिटरनं टिक केली आणि पान उलटलं.

आयएसओ येण्याच्या बरंच आधी, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दसऱ्याला, मामा पंगतीत पुन्हा माझ्या शेजारी होते. पांढरा रस्सा आला. त्यांनी वाटी उजेडाकडे धरली. एक डोळा मिटून बघितली, मग दुसरा मिटून बघितली. वाटी खाली ठेवली आणि उठून सरळ आचाऱ्याकडे गेले. सगळ्यांदेखत त्याला हात जोडले. "गेल्या साली तुला उगंच बोललो, पावण्या. रस्सा तवाबी पांढराच हुता."

माफी मागायची खरी पाळी माझी होती. मी वाळूला दोष दिला, मातीला दिला, पायरोमीटरला आणि पुण्याच्या लॅबलाही दिला. तेव्हापासून एक नियम पाळतो. माणसाचं आणि यंत्राचं पटेनासं झालं, की दोघांनाही तपासायला न्यावं. आणि आधी माणसाला न्यावं, कारण यंत्राला गेटवर बसवतील अशी भीती नसते.