विहिरीत सोडायचं कासव

कासव एका अंगाला कलून तरंगत होतं. पितळेचं मोठं घंगाळ, काठोकाठ पाणी, आणि त्यात तळहातावर मावेल एवढं पिल्लू. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. डावी बाजू वर, उजवी पाण्याखाली. मान ताणून ते श्वास घेत होतं आणि नाकाशी बुडबुडे येत होते.

"जगते का नाई, थेवढं सांगा बाई," पुंडलिकराव म्हणाले.

मी गुरांची डॉक्टर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या बाजूच्या खेड्यांसाठी असलेल्या सरकारी दवाखान्यात माझं पोस्टिंग होतं. बाई डॉक्टर आली म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हाती पडणाऱ्या म्हशीकडे दयेनं बघत. चार-दोन अडलेल्या म्हशी सुखरूप सोडवल्यावर ते बघणं कमी झालं होतं. पण कासव? कॉलेजात आम्हाला कासवावर एक ओळही शिकवली नव्हती. हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. डॉक्टरचा चेहरा म्हणजे अर्धं औषध. उरलेल्या अर्ध्याचा मात्र मला पत्ता नव्हता.

पुंडलिकराव गावातले जाणते शेतकरी. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. बैलाची पारख अशी की आसपासच्या गावचे लोक बाजारात बैल घ्यायला जाताना त्यांना सोबत नेत. वावरात त्यांनी विहीर काढायला घेतली होती आणि नुसता काळा पाषाण लागत होता. त्यातच मुलाचं लग्न झालं. सून घरात आली, वनिता नाव तिचं, आणि त्याच आठवड्यात सुरुंग उडाला तसं पाणी लागलं. साधंसुधं नाही, पंप लावूनही हटेना असं.

मग काय, सुनेचा पायगुण. गाव आधी पाणी बघायला आलं, मग सून बघायला. वनिताचा भाऊ ट्रक ड्रायव्हर. रुईच्या गाठी घेऊन तो आंध्रात जायचा. तिकडे रस्त्यावर सापडलेलं हे कासवाचं पिल्लू त्यानं बहिणीला दिलं होतं आणि ती ते सासरी घेऊन आली होती. त्यामुळे पायगुणात कासवाचीही वाटणी झाली. लक्ष्मी आली ती कासवावर बसून आली, असं वनिताच्या सासूबाई येईल त्याला सांगत.

आमच्या भागात नव्या विहिरीची पूजा झाली की तिच्यात कासव सोडतात. किडे, शेवाळ खाऊन ते पाणी स्वच्छ ठेवतं, असं मानतात. इथे तर कासव चालून घरी आलेलं. अक्षयतृतीयेचा मुहूर्त ठरला, गावजेवण ठरलं. तोवर कासवाला पाण्याची सवय राहावी म्हणून घंगाळात ठेवलं. मांजरानं नेऊ नये म्हणून घंगाळ अंधाऱ्या कोठीच्या खोलीत. खायला रोज दूधभात. घरातल्या लेकराचे करावेत तसे लाड चालले होते, आणि कासव दिवसेंदिवस खंगत होतं.

"आलं तवा टुणटुणीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या हातचं खाऊन असं झालं."

हे त्या माझ्याशी बोलल्या, पण मोठ्यानं. वनिता दाराच्या चौकटीशी उभी होती. एकोणीस-वीस वर्षांची पोर. नवरा पुलगावला नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. तिनं वर पाहिलं नाही. मला त्या अंगणात उभ्या उभ्या सगळं कळलं. हे पिल्लू मेलं तर पायगुण उलटणार होता. मुहूर्ताच्या तोंडावर मेलं तर सगळ्या गावासमोर उलटणार होता. पुढं आयुष्यभर घरात म्हैस आटली, पोर पडलं, पाऊस लांबला, तरी बोट वनिताकडेच वळणार होतं.

"आजच इहिरीत सोडून देऊ," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पाण्यातलं जनावर. मोकळ्या पाण्यात गेलं का आपोआप बरं होते."

पुंडलिकरावांना पटल्यासारखं दिसलं. त्यांनी टोपलं मागितलं. मी म्हटलं, थांबा, आधी मला हातात तर घेऊ द्या.

उचललं. पाठ बोटानं दाबली तर दबली. पाठीचं कवच कडक हवं, हे पुठ्ठ्यासारखं लागत होतं. मुडदूस झालेल्या वासराची हाडं अशी होतात. ऊन नाही, कॅल्शियम नाही, की हाडात बळ नाही. डोळे सुजून मिटलेले. छातीत पाणी झालं असणार, म्हणून ते एका बाजूला कलत होतं. एवढं माझं मला जुळवता आलं. मग मी पाय पाहिले. आखूड, गोल, खांबासारखे पाय. बोथट नखं. बोटांमध्ये पडदा नाही.

आता हे सांगायचं कसं? शहाणपण सांगायला गेले असते तर बाईमाणूस म्हणून ऐकून घेतलं असतं आणि कासव विहिरीत गेलं असतं.

"पुंडलिकराव, बाजारात बैल घेताना आधी काय पाहता?"

"पाय. पाय अन् खुरं."

"मग याचे पाहा."

त्यांनी चष्मा लावला. कासव हातात घेतलं, उलटं केलं, एकेक पाय दोन बोटांत धरून पाहिला. बैलाला इतका वेळ देत असतील की नाही, शंका आहे.

"इहिरीतल्या कासवाच्या बोटात पडदा राह्यते, बदकावानी," ते सावकाश म्हणाले. "याले नाई."

"हे रानात चालणारं जनावर आहे. कोरड्या माळावरचं. आपल्या इकडे नसतं, म्हणून तुम्हाला ओळखू आलं नाही."

"मंग घंगाळात पोहत होतं थे?"

"पोहत नव्हतं. बुडत होतं."

त्यांचा चेहरा उतरला. माळकरी माणूस, मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी लगेच पुढचं सांगून टाकलं: पाणी बंद, दूधभात बंद. खोक्यात कोरडी माती आणि गवत. सकाळचं कोवळं ऊन रोज, पण वर्ध्याचा उन्हाळा आहे, अंगण तापायच्या आत सावलीत आणायचं. जास्वंदीची फुलं, कोवळा पाला, त्यावर मी वासरांना देते ती कॅल्शियमची पावडर चिमूटभर. प्यायला उथळ ताटलीत नख बुडेल एवढंच पाणी.

"वनिता करन सगळं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. सगळं पुंडलिकरावांनी स्वतःच्या हातानं करायचं. आणि इंजेक्शन मी देईन. काही बरंवाईट झालं तर ते माझ्या आणि त्यांच्या माथी."

हे मी सासूबाईंकडे बघून म्हटलं. त्या समजल्या. वनिताही समजली, कारण तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

ऐटीत इंजेक्शन देईन म्हणाले खरी, पण किती? आम्ही अँटिबायोटिकचा डोस जनावराच्या वजनावर ठरवतो. म्हशीचं वजन अंदाजानं काढतात. चार-पाच किलो इकडेतिकडे झाले तरी म्हशीला त्याचं काही वाटत नाही. इथे एक थेंब जास्त झाला की खेळ खलास. दवाखान्यातला काटा पोती मोजायचा. शेवटी आर्वीच्या सोनाराकडे गेले. त्यानं कासव तराजूत ठेवलं, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली आणि भरलं ते आठ तोळे. काय करायचंय याचं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मोडीत काढायचं नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगसाठी वर्ध्याला जायचंच होतं. तिथे आमच्या खात्याच्या जिल्ह्याच्या साहेबांना गाठलं.

"सर, कासवाला ऑक्सिटेट्रासायक्लिनचा डोस किती?"

"या महिन्यात तुमच्या एआय किती झाल्या?" एआय म्हणजे गाईम्हशींचं कृत्रिम रेतन. आमचं सगळं टार्गेट तेच.

"टार्गेटपेक्षा थोड्या कमी, सर."

"आणि तुम्ही कासवाची ओपीडी चालवताय."

साहेब मला बसा म्हणाले नाहीत, पण घालवूनही दिलं नाही. फायलीवर दोन सह्या ठोकल्यावर म्हणाले, "थंड रक्ताचं जनावर आहे. औषध त्याच्या अंगात सावकाश फिरतं. डोस कमी द्या, रोज देऊ नका, मध्ये दिवस सोडा. आणि ऊब द्या. उबेशिवाय औषध वाया." मग लगेच एआयवर मला पुन्हा झापलं. साहेब तसे वाईट नव्हते.

इंजेक्शनची सुई प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरकडून आणली, लहान बाळांना टोचतात ती. आमच्या सुया त्या पिल्लाच्या पायापेक्षा जाड. औषध डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ केलं. पुंडलिकरावांनी कासव धरलं. मी पुढचा पाय बाहेर ओढला की ते आत घ्यायचं. अशक्त होतं, तरी आत घ्यायचं. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणं याहून सोपं. तिसऱ्यांदा पाय सापडला आणि सुई गेली.

अक्षयतृतीया आली. कासवानं अजून एक पाकळी खाल्ली नव्हती. मी त्या दिवशी मुद्दाम गेले. राहवलं नसतं. पुंडलिकरावांनी गावच्या जुन्या विहिरीतून एक पाणकासव काढून आणलं होतं आणि पूजा झाल्यावर तेच नव्या विहिरीत सोडलं. लोक विचारत होते, लक्ष्मीचं कासव कुठे आहे? ते रानातलं निघालं, पाण्यात मरते, असं ते शांतपणे सांगत होते. पंगतीत एक म्हातारी पुटपुटली की मुहूर्ताचं कासव बदललं, बरं नाही. सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. वनिता पाणी वाढत होती. ती पुढच्या पानाकडे गेली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. मला त्या म्हातारीचा फार राग आला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सायकलवरून कोणी दवाखान्याकडे येताना दिसला की वाटायचं, निरोप आला. पुंडलिकराव मात्र रोज सकाळी खोकं ओसरीवर आणत आणि शेजारी बसून राहत. मग एक दिवस निरोप आला तो वेगळाच. कासवानं डोळे उघडले होते आणि जास्वंदीची अर्धी पाकळी खाल्ली होती. मी दवाखान्यात एकटीच होते. चार अश्रू आले ते पुसले आणि बाहेर ताटकळलेल्या बैलाची पट्टी बदलली. पावसाळा लागेपर्यंत ते अंगणभर फिरू लागलं, पाठ दाबली तर दबेना. मी खूश. केस संपली, असं मी धरून चालले होते.

पोळ्यानंतर वनिता दवाखान्यात आली. हातात टोपलं, टोपल्यात कासव. तपासून आणते असं घरी सांगून आली होती.

"धडधाकट आहे ना, बाई?"

"तुझ्यामाझ्यापेक्षा."

"मंग मामाजीले काहीतरी सांगा. हे घरात ठेवू नोका म्हणून सांगा. भाऊ आला का त्याच्या ट्रकमध्ये धाडून देऊ, जिथलं तिथं."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, पुंडलिकराव. मला कळेना. इतकी धडपड करून जगवलं, आणि आता घालवायचं का म्हणते ही?

"हे एक दिवस जेवलं नाई का आत्याबाई माया तोंडाकडे पाह्यतात," ती सासूबद्दल म्हणाली. "थे आजारी तर मी अवदसा. थे खुशाल तर मी लक्ष्मी. मले दोन्ही नाई व्हायचं. मले नुसती सून राहू द्या."

कासव वाचवलं की ही वाचली, असा माझा हिशोब होता. तो पार चुकला होता. जिवंत कासवानं तिला अजून घट्ट बांधलं होतं.

खोटं बोलायला माझी तयारी होती. संध्याकाळी तिच्यासोबत गेले आणि ओसरीवर सुरुवात केली की इकडची हवा या जातीला थंडीत मानवत नाही वगैरे. वनितानं मला मध्येच थांबवलं.

"मामाजी, हे म्याच बाईले सांगाले लावलं." एवढ्यावर ती थांबली नाही. "पाणी सुरुंगानं लागलं. मायानं नाई, या कासवानं बी नाई. उद्या पाणी गेलं तर म्या काय करू?"

सासूबाई उठून आत गेल्या. पुंडलिकरावांनी कासव उचलून मांडीवर घेतलं. आता ही पोर गेली, असं मला वाटलं. तिनं सासऱ्यासमोर तोंड उघडलं होतं, तेही परक्या बाईच्या देखत.

"सुरुंगानं लागलं थे मले माहीत नाई का?" ते म्हणाले. "जागा म्याच दाखवली होती. लोकायले सांगाले सून बरी वाटली." मग त्यांनी विचारलं, "तुया भाऊ कधी येते?"

भाऊ दिवाळीच्या आधी आला. ट्रकच्या केबिनमध्ये खोकं ठेवून घेऊन गेला आणि आदिलाबादच्या पुढे, जिथे सापडलं होतं त्याच रस्त्याकडेच्या माळावर सोडून आला. असं कासव घरात ठेवायला कायद्यानंच बंदी आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा आम्हा कोणाच्याच ते कानावर नव्हतं. सासूबाई काही महिने सुनेशी तुटक वागल्या. अढी सुटायला वेळ लागला, पण सुटली.

पुढं नोकरीत मी एक पथ्य पाळलं. कोणाच्या घरी जनावर तपासायला गेले की त्याच्या दुखण्याआधी एक विचारून घ्यायची: हे मेलं तर घरात बोलणी कोणाला बसतील? निम्मी केस तिथंच कळते.

पुढच्या उन्हाळ्यात पुंडलिकरावांच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. त्यांनी सुरुंगवाल्याला बोलावून घेतलं. वनिताला कोणी काही बोललं नाही.