वेशीची मापे घेणारे सरवदेकाका

दिगंबर सरवदे यांची व माझी पहिली भेट सोलापुरातल्या एका जुन्या वेशीत झाली. भवानी पेठेतल्या शाळेत मी नुकतीच इतिहास शिकवू लागले होते. पेठेजवळच्या तटबंदीतला तेवढा एक दरवाजा आणि त्याला लागून अर्धा बुरूज उरला होता. रविवारी तिथून जाताना शिडीवरून हाक आली, "बाई, टेपचं हे टोक धरा की जरा." मी धरले. खाली उतरून त्यांनी भिंतीतली एक खोबण दाखवली. "हात घाला. दाराचा अडसर हितं सरकायचा." माझा हात खांद्यापर्यंत आत गेला. वर्गात तट-बुरूज शिकवणारी मी. तट म्हणजे काय ते त्या दिवशी कळले.

काका होटगीचे. रेल्वेत नकाशे काढण्याची नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी ही वेस. कोणता थर मूळचा, कोणती डागडुजी नंतरची, हे ते चुन्यावरून आणि दगडाच्या घडणीवरून ठरवीत. अंदाजाने काही लिहीत नसत. या वेशीचे दार उघडणारे-लावणारे वेसकर आपलेच पूर्वज, असे त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. वेशीवरच्या त्यांच्या लेखात ते छापाच, असा मी आग्रह धरला. "मन म्हणतंय खरं हाय. पण कागद न्हाय, बाई," एवढेच म्हणाले आणि तो मजकूर त्यांनी गाळला.

माझे वडील रुग्णालयात असताना काका रोज सकाळच्या गाडीने येऊन त्यांच्या उशाशी बसत, मला शाळा बुडवावी लागू नये म्हणून. कोणी सांगितले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी वेस धोकादायक ठरली आणि ती पाडायचा हुकूम निघाला. काकांनी अर्ज केले, खेटे घातले. शेवटी, निदान दगड जपून काढा, दुसरीकडे पुन्हा उभी करता येईल, अशी विनवणी केली आणि त्यासाठी दगडादगडावर पांढऱ्या रंगाने आकडे घातले. एका सकाळी त्यांचा फोन आला. "बाई, यंत्र आलंय. चार माणसं तरी उभी राहू द्या."

शाळेत परीक्षा होती. "दुपारी येते, काका," मी म्हणाले.

दुपारी तिथे मोकळे आकाश होते. टिपरचा चालक म्हणाला, "आजोबा एकेका दगडाचा आकडा मोठ्यानं वाचत हुते. आमी तरी काय करणार? दगड भरावात टाका म्हणून सांगितलंय आमाला."

तेव्हापासून काका शहराच्या त्या भागात गेलेले नाहीत. वह्या बांधून ठेवल्या आहेत. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्याकडेही लेख मागितला, तर म्हणाले, "वेसच न्हाय, तर मापं कुणाला दाखवायची?"

या ग्रंथात लिहिणाऱ्या आम्हा सर्वांना त्या सकाळी फोन गेला होता. एकही जण पोहोचला नाही. पंचाहत्तरीच्या या प्रसंगी काकांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे मी मनापासून लिहिते. पण ज्या भिंतीला त्यांनी उमेदीची सारी वर्षे दिली, ती पडताना आम्ही त्यांना एकट्याला पाहायला लावले. काका, "तुमची परीक्षा हुती, बाई," असे म्हणून आपण मला माफ केलेत. ती माफी माझ्याच्याने घेववत नाही.